पायऱ्यांवर आळ

“पाथरवटाला फटके मारा!” पाटील गरजला. “विहिरीच्या पायऱ्या तीनदा बांधल्या, तरी बाया पडतातच!”

“पाटील, या पायऱ्यांवरून म्हैस उतरवून दाखवतो,” पाथरवट हात जोडून म्हणाला. “दगड घसरत नाही हो.”

गोष्ट फार जुनी. तेव्हा जनावरंसुद्धा बोलत, बायाच तेवढ्या गप्प असत.

त्या गावची रीतच होती. बाईच्या अंगावर वळ दिसला की तिनं म्हणायचं, “विहिरीच्या पायरीवरून पडले.” ऐकणाऱ्यानं म्हणायचं, “जपून गं बाई.” झालं, मिटलं! दोष सगळा दगडाचा.

पाराच्या कडेला पाटलाची म्हातारी आई बसली होती. शेजारी नात, हात झोळीत बांधलेला. नातजावई गाडी जुंपून तिला न्यायला आला होता.

“हात कसा मोडला ते सांग पोरी,” पाटील लेकीला म्हणाला. “साक्ष दे आणि गाडीत बस.”

“विहिरीच्या... पायरीवरून पडले, आबा.”

म्हातारीनं चमकून पाहिलं. पोर मोडका हात घेऊनच सासरहून आली होती. नातीचं सासर नदीकाठी. त्या गावात विहीरच नव्हती!

म्हातारी परकरात होती तेव्हा बापानं ढकललं, ती ‘पायरी’ म्हणाली. नवऱ्यानं पाठीवर काठी मोडली, तेव्हाही पायरी. केस पिकल्यावर भाकरी करपली म्हणून याच लेकानं मनगट पिरगाळलं, तेव्हाही पायरीच. सून तेच बोलत आली. ऐकून ऐकून पोर शिकली, आणि ते वाक्य आंदणासारखं सासरी घेऊन गेली.

म्हातारी उठली. “पाथरवटाला सोड.”

“आये, गप बस. बाईनं आपणहून पारावर बोलायची रीत नाही.”

“मार खायची आहे, बोलायची नाही होय रे? या पायऱ्यांवरून तू उतरतोस, तुझी गुरं उतरतात. कुणी पडलं कधी? दगडाला बरी नेमकी बाई ओळखू येते!”

नातजावई हसला. “आजींचं वय झालं. चल गं, बस गाडीत.”

नात सवयीनं उठली. म्हातारीनं तिचा पदर धरून मागं ओढलं आणि आपलं वाकडं मनगट लेकाच्या डोळ्यांपुढे नेलं.

“हे कुठल्या पायरीनं केलं, सांग गावाला.”

पाटलाची मान खाली गेली. मागं उभ्या बाया पुढे सरकल्या, नातीभोवती उभ्या राहिल्या. कुणी “जपून गं बाई” म्हणालं नाही.

पाथरवट सुटला. गाडी रिकामी परतली. आणि त्या दिवसाचं भांडण संपलं ते म्हातारीच्या एका वाक्यानं:

“विहिरीची पायरी शंभरदा बांधा, घरातला उगारलेला हात धरला नाही तर बाई पडतच राहणार!”