हरलेल्यांची साक्ष

डोंगरापलीकडच्या एका छोट्या राज्यात एक म्हातारी राणी राहत होती. तिचा न्यायाधीश थकून घरी बसला, तेव्हा त्या जागेसाठी हाताखालचे दोन न्यायाधीश पुढे आले. एक भरभर निकाल देई. दुसरा सावकाश ऐके.

त्या राज्यात एक रीत होती. निकाल लागला की जिंकणाऱ्याने कचेरीत गूळ वाटायचा. भरभर निकाल देणारा अशा गूळ वाटणाऱ्यांची रांगच घेऊन आला.

"राणीसाहेब, ही सगळी माणसं माझी वाहवा करतात."

"करणारच. जिंकलीत ना," राणी म्हणाली. "मला हरलेली माणसं भेटवा."

दरबारात कुजबुज झाली. हरलेल्यांना आजवर कुणी बोलावलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक तेलीण आली. ती सावकाश ऐकणाऱ्यापुढे हरली होती.

"फणसाच्या झाडासाठी भांडले, राणीसाहेब. झाड शेजारणीचंच निघालं. पण या न्यायाधीशांनी कचेरीच्या दारावर पाटी लावलेली, कुणाची सुनावणी कोणत्या दिवशी. त्यामुळं घाणा बंद ठेवून ताटकळावं लागलं नाही. माझं सगळं ऐकलं, आणि का हरले ते मला कळेल असं सांगितलं. आता शेजारणीकडून गरे मागून आणते."

सगळे हसले.

मग एक गवळी आला. भरभर निकाल देणाऱ्याने त्याचं कुरण एका शेतकऱ्याला दिलं होतं. म्हशी दावणीलाच सुकत चालल्या होत्या.

"तुझं म्हणणं काय होतं?" राणीने विचारलं.

"तेच तर सांगायचं राहिलंय. महिनाभर कचेरीच्या पायरीवर बसलो. आत गेलो, तोंड उघडलं, तोवर निकाल झालासुद्धा."

राणीने सावकाश ऐकणाऱ्याला न्यायासनावर बसवलं. त्याने पहिलं काम गवळ्याचंच घेतलं. शेतकऱ्याला बोलावलं, आणि भरभर निकाल देणाऱ्यालाही शेजारी बसवलं.

"तुम्हीही ऐका, दादा."

गवळी दुपारपर्यंत बोलला. मधे म्हशींची नावंही सांगून झाली. शेवटी म्हणाला, "या शेतकऱ्याच्या जमिनीच्या कागदात ओढ्याच्या अलीकडचं कुरण लिहिलंय. माझं पलीकडचं आहे."

कागद पाहिला. खरंच तसं होतं. शेतकऱ्यानेही मान डोलावली. कुरण गवळ्याचं ठरलं.

भरभर निकाल देणारा उठला. "चूक माझी," म्हणाला, आणि गवळ्याबरोबर चालत कुरणापर्यंत गेला. वाटेवरचं काटेरी कुंपण त्याने स्वतःच्या हातांनी बाजूला केलं. म्हशी शेपट्या उडवत आत धावल्या.

गवळी नुसता हसत उभा राहिला. त्याचं सगळं बोलून झालं होतं.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: न्याय देणारा कसा आहे, हे त्याच्यापुढे हरलेल्या माणसाला विचारावं.