तिसरी उकळी

एका राज्यात चुली पेटत होत्या, पण भात शिजत नव्हता. जाळ लाल दिसे, धूर डोळ्यांत जाई, आणि त्यात हात घातला तर हात गारच्या गार. सहा महिने हेच चाललं होतं. लोक भिजवलेले तांदूळ आणि कच्चे कांदे खाऊन जगत आणि दिवसभर एकमेकांवर खेकसत. पोटात ऊन घास नसला की माणसाची जीभ तेवढी गरम होते.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सेनापती शार्दूलानं राजा धवलसेनाला भरल्या ताटावर मारलं होतं. पाटावर बसून घास उचललेल्या माणसावर शत्रूनंही शस्त्र उगारू नये, ही त्या राज्याची रीत. ती जिथं मोडते, तिथली आग अन्नाला शिवत नाही.

शार्दूल काही लपवत नव्हता. सिंहासनावर बसून सरळ सांगे, "हात माझा, इच्छा नियतीची. टेकडीवरच्या चेटकिणींनी भाकीत केलं, तू राजा होशील. मी काय करणार? खूण हवी? धवलसेनाचं डोकं नारळाएवढं, माझं कलिंगडाएवढं. तरी मुकुट पहिल्या दिवशीच चपखल बसला."

दरबारी माना डोलवत. भाकीतच ते, त्याला कोण आडवं येणार?

उपाशी लोक फार कुरकुरू लागले तेव्हा त्यानं सगळा दोष चेटकिणींवर ढकलला आणि त्यांना जाळायचा हुकूम सोडला. तिघी चितेवर बसून दिवसभर ओल्या शेंगा सोलत राहिल्या, कारण जाळाला धगच नव्हती. संध्याकाळी शिपायांनी कंटाळून त्यांना घरी सोडलं. जाताना टरफलं तेवढी झाडून घ्यायला लावली.

धवलसेनाची मुलगी रेवंती माना डोलवणाऱ्यांतली नव्हती. तिचा राग पंचक्रोशीत प्रसिद्ध. लहानपणी ताप आला म्हणून कपाळावर ओली पट्टी ठेवावी, आणि ती चिडली की पट्टी वाळून पापडासारखी वाजावी. शार्दूलानं तिला जिवंत ठेवलं होतं, कारण भाकितात तिचं नाव नव्हतं, असं तो म्हणे.

तिच्या आईला, म्हाताऱ्या राणीला, एकही दात नव्हता. कच्चं धान्य तिला चावेना, गिळवेना. वैद्यानं नाडी सोडली आणि रेवंतीला म्हणाला, "तीन दिवसांत वाटीभर ऊन पेज मिळाली तर आईसाहेब आहेत. नाहीतर नाहीत."

रेवंतीनं तलवार घेतली आणि टेकडी चढली.

चेटकिणी हंडीभोवती बसल्या होत्या. हंडीखाली जाळ होता, हंडी थंड होती. बाजूला एक टिटवी एका पायावर उभी होती.

"तुम्ही माझ्या बापाला खाल्लंत," रेवंती म्हणाली.

"आमचे दात बघ आधी," थोरली म्हणाली. "आम्ही नुसतं सांगितलं. त्यानं विचारलं म्हणून."

"आणि तेही पुरतं ऐकलं नाही," मधली म्हणाली. "आमचं भाकीत तीन उकळ्यांचं असतं, पोरी. पहिल्या उकळीत काय होणार ते कळतं. दुसरीत कसं होणार. तिसरीत माणसानं काय करावं ते. मेला पहिल्या उकळीलाच उठला आणि घोड्यावर बसला."

"मागून हाक मारायची होती."

"मारली. टापांत ऐकू गेली नाही."

"मग धावायचं होतं मागं," रेवंती ओरडली. "भुकेल्या माणसापुढं घास टाकता आणि गिळताना गळ्यात अडकला तर बघत बसता?"

टिटवी म्हणाली, "हे मी यांना सहा महिने सांगतेय. पण पाखराचं कोण ऐकतं?"

धाकटी चेटकीण हळूच म्हणाली, "उरलेल्या दोन उकळ्यांत उपाय आहे. पण हंडी उकळत नाही. तीन कामं करशील?"

"सांगा."

थोरलीनं पहिलं काम सांगितलं. "ज्या पाटावर तुझा बाप मेला, तो सरपणाला आण."

पाट शार्दूलानं विहिरीत टाकला होता आणि विहिरीत सुसर सोडली होती. रेवंती काठावरून सुसरीला इतकं लागेल असं बोलली, तिच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की सुसरीनं पाट तोंडात धरून वर आणून दिला आणि खाली मान घालून बुडी मारली.

मधलीनं दुसरं काम सांगितलं. "मारल्यावर त्यानं ज्यात हात धुतले, ते घंगाळ पाण्यासकट आण."

घंगाळ राजवाड्याच्या मागच्या अंगणात होतं. ते कोणाला उचलवत नव्हतं, ना त्यातलं तांबडं पाणी ओतलं जात होतं. चार पहिलवान कमरेत लचकून पडले होते. रेवंतीनं विचारलं, "पाण्या, कोणाचं रक्त आहेस?" पाणी म्हणालं, "तुझ्या बापाचं." "मग बापासारखा चल माझ्याबरोबर, उगाच हट्ट करू नकोस." घंगाळ फुलासारखं हलकं झालं.

तिसरा दिवस उजाडला. धाकटी म्हणाली, "आता एकच काम. फुंकणी घे, जाळ फुंक आणि तिसऱ्या उकळीपर्यंत जागची उठू नकोस."

"एवढंच?" रेवंती म्हणाली.

टिटवी हसली. टिटवी हसते तेव्हा फार वाईट दिसते.

हंडीत घंगाळातलं पाणी, खाली पाटाची लाकडं. रेवंतीनं फुंकणी ओठाला लावली. साऱ्या राज्यात खरी धग तिच्या छातीत तेवढी उरली होती. ती फुंकणीतून गेली आणि हंडी खदखदली. पहिली उकळी आली, म्हणाली, "शार्दूल राजा होईल." ती जुनीच.

दुसरी उकळी आली, तीही तेव्हा न ऐकलेलीच. म्हणाली, "येत्या पाडव्याला धवलसेन आपल्या हातानं शार्दूलाला मुकुट घालील. त्यासाठी त्यानं सोनाराकडून पट्टी जोडून तो मोठा करून घेतला आहे. मुलगी शूर आहे, पण तिच्या रागाचा त्याला भरवसा नाही."

बाप पाडव्याच्या अकरा दिवस आधी मेला होता. शार्दूल अकरा दिवस थांबला असता तर मिळणारच होतं, त्यासाठी त्या माणसानं ताटावरचा म्हातारा कापला. आणि म्हाताऱ्यानं? लेकीला विचारलंसुद्धा नाही. रेवंतीच्या डोळ्यांपुढं लाल झालं. कोणावर जास्त चिडावं तेच तिला कळेना. तिनं फुंकणी फेकली, तलवारीला हात घातला, एक गुडघा उचलला.

"ऊठ, ऊठ," टिटवी म्हणाली. "तोही अस्साच उठला होता. आधी हाच गुडघा."

रेवंतीनं टिटवीकडं असं पाहिलं की तिची दोन पिसं जळाली. मग तिनं गुडघा खाली टेकला. फुंकणी उचलली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गालावरच वाळत होतं, पण ती फुंकत राहिली.

तिसरी उकळी आली. म्हणाली, "मारणाऱ्यानं भरल्या ताटावर बसून म्हणावं, मी मारलं. त्यापुढं दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ नये. मग आगीला धग परत येईल."

भर दुपारी शार्दूल पंगतीला बसला होता. सोन्याच्या ताटात भिजवलेले तांदूळ. रेवंती समोर उभी राहिली. तलवार म्यानात होती.

"मुकुट काढून आतून बघ," ती म्हणाली.

"राजाशी बोलतेस तू."

"सहा महिने डोक्यावर आहे. एकदा बघ तरी."

शार्दूलानं मुकुट काढला. आत, मागच्या बाजूला, चार बोटं रुंदीची नवी पट्टी होती. जुनं सोनं पिवळं, ती लालसर. जोडल्याचा डाक स्पष्ट दिसत होता.

"तुझ्यासाठी मोठा केला होता," रेवंती म्हणाली. "पाडव्याला तो स्वतः घालणार होता तुझ्या डोक्यावर. दुसऱ्या उकळीत होतं ते. तू थांबला नाहीस."

पंगतीतल्यांनी हातातले कांदे खाली ठेवले.

"चेटकिणींनी..." शार्दूल म्हणाला.

"त्यांचं नाव नको."

"नियतीनं..."

"तिचंही नको. ताटावर बसला आहेस. खरं बोल."

शार्दूलाचं बोट त्या पट्टीवरून फिरत राहिलं. मग तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "मी मारलं."

मुदपाकखान्यात कोणीतरी किंचाळलं. आचाऱ्याचा हात पोळला होता. तो फोड सगळ्यांना दाखवत नाचत बाहेर आला.

शार्दूलानं मान पुढं केली. "आता मार."

रेवंतीच्या मुठी आवळल्या. त्याला मारावंसं तिला अजूनही वाटत होतं, कदाचित जन्मभर वाटणार होतं. ती म्हणाली, "ताटावर आहेस. भात येतोय, तो खा. हात धू. मग सांगते काय करायचं ते."

सोनारानं पट्टी काढली आणि मुकुट रेवंतीला बसला. डोकं बापाचंच होतं. शार्दूलाला तिनं टेकडीवर धाडलं. तिथं तो चेटकिणींची लाकडं फोडतो, येणाऱ्याचा घोडा आधी सोडून खाली हाकलतो आणि प्रत्येकाला सांगतो, "बस. अजून दोन उकळ्या आहेत." कोणी न ऐकता उठलंच तर मागून धावायचं काम त्याचं.

पण हे सगळं नंतर. त्या दुपारी रेवंती दरबार तसाच सोडून आईकडं धावली. स्वतः चूल फुंकली, पेज केली, चमच्यानं भरवली. म्हातारीनं डोळे उघडले, दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच रेवंतीला राग आला नाही. ती मीठ आणायला उठली.

जशी तिची पेज शिजली, तशी तुमची आमची शिजो, आणि ती उतरेपर्यंत बसून राहण्याइतकी मांडी सगळ्यांना मिळो.