सदऱ्यांचा पडदा

गलबतं शिडांवर चालायची त्या काळी किनाऱ्यावर एक रीत होती. दर्यावर गेलेला माणूस परत येईपर्यंत त्याच्या कपड्यांना कात्री लावायची नाही.

भागूचा नवरा रखमाजी दोन पावसाळे झाले तरी परतला नव्हता. पेटीतले त्याचे सदरे कुजतील म्हणून तिने ते दाराचा पडदा शिवायला बाहेर काढले.

"बाई, मला यात घालू नकोस," कात्री म्हणाली. "या सदऱ्यांना अजून त्याच्या घामाचा वास आहे."

"वास धुतला की जाईल," सुई म्हणाली. "घराला शोभा तर येईल."

भागूने सुईचं ऐकलं आणि कात्री जोर लावून चालवली.

पडदा देखणा झाला. बाह्यांची झालर, गुंड्यांची नक्षी. शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. वारा पडला तरी तो हलायचा. रखमाजीचा कुत्रा पडद्यापाशी शेपटी हलवत बसायचा. भागू दिवसभर पडद्याशी बोलायची आणि किनाऱ्याकडे बघायची तिची सवय हळूहळू सुटली.

एका दुपारी रखमाजी आला. कुत्रा त्याच्यावर भुंकला. पडदा दारात ताठ झाला.

"कोण पाहिजे?" पडद्याने विचारलं. आवाज रखमाजीचाच होता.

"हे माझं घर आहे. भागू, मी आलोय."

"अहो, दारात कुणाशी बोलताय?" आतून भागू म्हणाली.

"वाटसरू आहे," पडदा म्हणाला. "तहानलेला दिसतोय."

भागूने पडद्याखालून पाण्याचा तांब्या बाहेर सरकवला.