खिंडीतले एकशे एक गोटे

वाघजाईची शपथ घेऊन सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आता शंभर म्हणजे अगदी शंभर नाही. मी तेव्हा नव्हतो, माझा आजाही नव्हता, आणि आजाला ज्यानं सांगितली तो माणूस एक बोकड हरवला तर पाच जणांना पाच कारणं सांगायचा. पण गोटे खरे आहेत. हात लावून बघा.

बसा, दम खा. वाघजाईच्या मागं हा जो ढीग आहे, तो सगळा नदीच्या गोट्यांचा. कसे गुळगुळीत आहेत बघा. आमच्या डोंगराचा दगड काळा, खडबडीत, बोट कापणारा. आणि नदी ती तिकडं खाली, जिथनं तुम्ही शिव्या देत चढून आलात. मग नदीतले गोटे वर आले कसे? मागं कॉलेजातले एक सर आले होते. ते म्हणाले, लाखो वर्षांपूर्वी इथं पाणी असेल. आम्ही माना डोलावल्या. लांबून आलेल्या माणसाला काय दुखवायचं?

खरं कारण आमचा पूर्वज आहे. त्याचं नाव येसू. वाडीची अकरा घरं, अकराही त्याचीच पिल्लावळ, म्हणून हे आम्ही फार मोठ्यानं सांगत नाही.

असं सांगतात की तेव्हा वाडीत धुरपाआजी नावाची म्हातारी होती. पुढंमागं कोणी नाही. दर बाजाराला पाटीतनं अंडी घेऊन खाली उतरायची, मीठमिरची घेऊन वर यायची. येताना नदीवर पाटी ठेवून पाय धुवायची. येसू तेव्हा वीस-बावीसचा, अंगात रग आणि हाताला काम नाही. त्यानं एके दिवशी काय केलं, म्हातारी पाय धुताना पाटीच्या तळाशी एक गोटा सरकवला. वर पोचल्यावर ती कशी बोंबलते ते बघायला पोरं खिंडीत करवंदीच्या जाळीमागं लपली.

म्हातारी वर आली. पाटी उतरवली. गोटा बघितला. वाघजाईच्या मागं नेऊन ठेवला आणि घरी गेली. एक शिवी नाही.

आता शिवी नाही म्हटल्यावर थट्टा पुरी कशी होणार? पुढच्या बाजाराला येसूनं मोठा गोटा घातला. त्याच्या पुढच्या बाजाराला त्याहून मोठा. असे सात बाजार गेले, म्हणे. आठव्या वेळी नारळाएवढा.

त्या दिवशी कोकणातनं एक मीठवाला बैल घेऊन येत होता. म्हातारी निम्म्या चढावर मटकन बसलेली त्यानं बघितली. ओळख ना पाळख, त्यानं तिची पाटी आपल्या डोक्यावर घेतली आणि खिंडीत आणली. उतरवताना मिठाखाली गोटा दिसला. माणूस तापला.

"कुणी घातला गं हा, आजी? नाव सांग फक्त. त्याला नदीत बुडवून पुढं जातो."

असं सांगतात की म्हातारीनं जाळीकडं बघितलं. येसूच्या मुंडाशाचा शेव काट्याला अडकून फडफडत होता. तो तिनं नीट बघितला, आणि म्हणाली, "कुणी नाही रं. नवस हाय माझा. वाघजाईला गोटे वाहायचे हैत."

"किती?"

अकरा म्हणाली असती तर भागलं असतं. पण खोटं बोलायची सवय नाही, घाबरली, आणि तोंडातनं निघालं, "एकशे एक."

मीठवाला गेला, पण गोष्ट संपली नाही. नवस देवीच्या पुढ्यात उभं राहून बोललेला. गुरवानं सांगितलं, खरा असो खोटा असो, देवीनं ऐकला, आता फेडायलाच लागेल. त्यातही गोटा म्हातारीनं स्वतः वर न्यायचा, नाहीतर परक्यानं. कारण परका माणूस देवीनं धाडलेला असतो. गावातल्याचा हात चालायचा नाही, आणि ज्यानं पहिला गोटा घातला त्याचा तर मुळीच नाही.

येसूनं घरचं खाणं सोडलं, म्हणे. मग दोन दिवसांनी परत धरलं. पण बाजाराच्या दिवशी तो नदीवर उभा राहायला लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडायचा. "पाव्हणं, एक गोटा वर न्या. म्हातारीचा नवस आहे." माणसं त्याला खालपासनं वरपर्यंत बघायची. "एवढा रेडा दिसतोयस, तू का नेत नाहीस?" तो शिव्या ऐकून घ्यायचा. पण गोटा कोणी नाकारला नाही. कासारानं बांगड्यांच्या वर ठेवून नेला. एका बाळंतिणीनं पोर नवऱ्याकडं दिलं आणि गोटा कडेवर घेतला. एक वरात गेली, तिनं एकवीस नेले. नवरदेव घोड्यावर गोटा मांडीत घेऊन बसला होता. मुलीकडच्यांना वाटलं, ही यांच्याकडची रीत असेल.

तीन वर्षांत शंभर झाले. एक राहिला आणि म्हातारीनं हाय खाल्ली. पावसाळा लागलेला, घाट बंद, वाटसरू कुठला? म्हातारीला काळजी एकच. "नवस अर्धा ठेवून मेले तर या खिंडीतच घुटमळत राहीन. जिवंतपणी चढून चढून गुडघे गेले, मेल्यावर तरी चढ नको रं." रोज पावसात डोक्यावर इरलं घेऊन वाघजाईपाशी येऊन बसायची आणि खाली बघायची.

तेव्हा येसूनं मिशी काढली.

हसू नका. त्या काळी बाप जिवंत असताना मिशी काढत नसत. येसूचा बाप जिवंत होता, ओसरीवर तंबाखू मळत बसला होता. पोराचा कोरा ओठ बघून त्यानं आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितला, म्हणे. येसूनं कोणाचं तरी जुनं घोंगडं पांघरलं, नदीला पूर होता त्यात उतरला, गोटा डोक्यावर घेतला आणि खालनं, परक्यासारखा, वर आला.

म्हातारीनं विचारलं, "कुठलं गाव, पाव्हणं?"

"लांबचं."

"लांबचं म्हंजे?"

"लई लांबचं, आजी."

ती त्याच्या ओठाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "घरी समदी बरी हैत नव्हं?"

"बरी हैत."

"मग ठेव बाबा. लांबनं आलास."

त्यानं ठेवला. त्याला पायावर पडायचं होतं. पण माफी मागायची तर आधी येसू व्हायला लागलं असतं, आणि येसू झाला की गोटा बाद. तो तसाच, पाव्हण्यासारखा, निघून गेला. तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली. माफी राहिली ती राहिलीच.

आजही आमच्या वाडीतला कोणी या चढावर म्हाताऱ्या माणसाचं ओझं घ्यायला गेला की म्हातारं माणूस आधी विचारतं, "कुठलं गाव, पाव्हणं?" सख्ख्या नातवालाही विचारतं. आणि नातवानं खाली बघून म्हणायचं, "लांबचं." मगच ओझं हातात मिळतं. मीही शंभरदा म्हटलंय. शंभर म्हणजे पंधरा-वीसदा.

तर गोष्ट झाली. पैसे नकोत. पण फुकटही नाही.

तो खाली तिसऱ्या वळणावर पांढरी टोपी आणि डोक्यावर पोतं दिसतंय ना, तो माझा आजा. रेशनचे तांदूळ आहेत. आणि तांदळाच्या खाली एक गोटा आहे. कोणी घातला विचारू नका. नदीवर तो तोंड धूत होता, माझे हात शिवशिवले. वाटलं, उचलताच कळेल, दोन शिव्या घालेल, हसू दोघं. त्यानं पोतं उचललं, माझ्याकडं बघितलं आणि गप चालायला लागला. मी तोंड चुकवून पुढं वर आलो.

तेव्हा माझं 'लांबचं' आज चालायचं नाही. तुम्ही पाव्हणे, तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. उठा. बॅग ठेवा इथंच, मी बघतो. तो विचारेल, "कुठलं गाव?" खरं काय ते सांगा, आणि पोतं घ्या.