चिरकलेला सूर

“पण पुन्हा चिरकणार नाही, हे कशावरून?”

शलाकाने त्या सकाळी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

नदाफ मास्तर सॅक्सोफोनच्या एका चावीखालची चामड्याची गादी फडक्याने पुसत होते. ते पुसतच राहिले.

मास्तर इचलकरंजीचे. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. मग घराच्या पुढच्या खोलीत शिकवण्या सुरू केल्या. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन, एका वेळी एकच विद्यार्थी. भिंतीपलीकडे यंत्रमागांची शेड होती आणि तिची खडखड दिवसभर त्या खोलीत असायची.

शलाका पाटणकर कोल्हापूरहून यायची. वय एकतीस. क्लॅरिनेट फार चांगलं वाजवायची, आणि हे तिला ठाऊक होतं.

सात महिन्यांपूर्वी सांगलीच्या एका मैफलीत तिचा वरचा सूर चिरकला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा. पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. ती वाजवता वाजवता उठली आणि आत निघून गेली. तबलजी बिचारा दोन आवर्तनं एकटाच वाजवत राहिला.

त्यानंतर तिने चारचौघांत वाजवलं नव्हतं. तीन गुरू केले, तीन सोडले. नदाफ मास्तर चौथे.

आता येत्या रविवारी कोल्हापुरात कार्यक्रम होता. संयोजकांना आज दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. फोन तिच्या मांडीवर होता. ती दर दोन मिनिटांनी तो उलटा करायची, पुन्हा सुलटा करायची.

“मास्तर, मी काहीतरी विचारते आहे.”

“ऐकलं की.”

“मग?”

“रीड बदललीस?”

“कालच. या महिन्यातली पाचवी.” तोंडाशी बसवायची ती वेताची पातळ पट्टी ती सारखी बदलत होती.

“बरं.”

“माझा ओठ सैल पडतो का? पुण्याचे सर म्हणाले, श्वास उथळ आहे. त्यांच्या आधीचे म्हणाले, बोटं उशिरा उठतात. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. तुम्ही तर काही बोलतच नाही.”

“वाजव.”

तिने वाजवलं. स्वच्छ, गोल आवाज. वरच्या पंचमापाशी आली आणि तो सूर गाळून खालून निघून गेली. इतक्या सफाईने, की दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं.

मास्तरांनी मान वर केली.

“पंचम कुठं गेला?”

“तिथेच तर चिरकतं...”

“म्हणून आणलाच न्हाईस?”

तिचा उजवा पाय एकसारखा हलत होता.

“सांगलीत कोण हसलं होतं गं?”

“निळा शर्ट. डावीकडून दुसरी खुर्ची.” उत्तर लगेच आलं.

“आणि ऐकत कोण होतं?”

तिने आठवून पाहिलं. एकही चेहरा आठवला नाही. त्याचा तिला राग आला.

“दोन महिने मी येते आहे,” ती म्हणाली. “माझ्यासमोर तुम्ही एकदाही वाजवलं नाहीत. नुसतं वाजव म्हणता. भर सभेत चिरकल्यावर माणसाचं काय होतं, हे इथे बसून तुम्हाला काय कळणार?”

एवढ्या वयाच्या माणसाला ती असं कधी बोलली नव्हती.

मास्तरांनी फडक्याची घडी घातली.

तेवढ्यात पलीकडचे माग बंद पडले. दहाची चहाची सुट्टी. खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की शलाकाला स्वतःचा श्वास ऐकू आला.

“खिडकी उघड.”

“बाहेर माणसं बसलीत, मास्तर.”

“बसतात. रोजच.”

तिने खिडकी उघडली. कट्ट्यावर चार विणकर चहाचे पेले घेऊन बसले होते.

मास्तरांनी पलंगाखालची पेटी ओढली. त्यातून क्लॅरिनेट काढलं, जोडलं, रीड जिभेवर भिजवली. मग तोंडात दोन बोटं घालून, फुंकताना सुटणारी वरची कवळी काढली आणि स्टीलच्या वाटीत ठेवली.

ते कवळी लावतात, हे शलाकाला ठाऊक नव्हतं. तिने मान फिरवली... मग पुन्हा पाहिलं. गाल आत गेले होते. ओठ आत वळला होता. समोर कोणी अनोळखी म्हातारा बसला होता.

मास्तर खिडकीत जाऊन उभे राहिले आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

वरात निघताना बँडवाले वाजवायचे ती जुनी गत, ठरलेली धून, होती. हवा ओठाच्या कडेने फुसफुसत निसटत होती. तिसराच सूर चिरकला.

“काय मास्तर, कोंबडं कापताय का काय?” बाहेरून एकजण म्हणाला. बाकीचे खो खो हसले.

शलाका खिडकी लावायला उठली. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून न काढता मान हलवली. नको.

वरचा पंचम आला. फाटला. बाहेर पुन्हा हसू. दुसऱ्या फेरीत मास्तर पुन्हा तिथे गेले. पुन्हा फाटला.

त्यांचे कान लाल झालेले तिला दिसले. मानेची शीर तटतटली होती. बोटं मात्र थांबली नाहीत.

दोघे विणकर पेले ठेवून उठून गेले. एक तसाच हसत राहिला. चौथा गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसला होता. आपण तसं करतो आहोत, हे त्याच्या लक्षातही नसावं.

सुट्टी संपली. माग सुरू झाले. खडखडाटात त्या गतीचा शेवट कोणालाच ऐकू आला नाही. शलाकाला फक्त बोटं दिसत होती, भरभर उठणारी, बसणारी... आणि मग एका जागी येऊन थांबलेली.

मास्तरांनी तोंड पुसलं. कवळी धुतली, बसवली. धाप लागली होती, म्हणून खुर्चीचा हात धरून बसले.

शलाकाने फोन उचलला. नंबर लावला.

“पाटणकर बोलते आहे. हो... रविवारचं. येते.”

तिने फोन ठेवला. पाय अजून हलतच होता.

“ते हसत होते, मास्तर.”

“व्हय.”

“तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं की. लई वाटलं.”

“मग थांबला का नाहीत?”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, जणू हा प्रश्न त्यांना खरोखरच कळला नव्हता.

“गत कुठं संपली होती?”