चुंबकरावांची मिठी

पेट्रोल अजून परवडत होतं, तेव्हाची गोष्ट. एका गॅरेजात गाडीची दोन काळी बॉनेटं भिंतीला टेकवून ठेवली होती. खरं कार्बन फायबर कोण, यावरून दोघांची जुंपली.

"कार्बनचं विणलेलं कापड रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर देऊन मला भट्टीत भाजलंय," पहिलं म्हणालं. "उचलून बघा, किती हलकं आहे मी!"

"वीण माझ्यावरही आहे की!" दुसरं म्हणालं. ते पत्र्याचं होतं आणि वीण म्हणजे नुसतं स्टिकर; पण त्याचे कोपरे त्याने घट्ट दाबून धरले होते.

निवाड्याला स्क्रू वेचणाऱ्या चुंबकरावांना बोलावलं. ते पहिल्याला टेकले आणि घसरून पडले. दुसऱ्याला मात्र लांबूनच खटकन चिकटले.

"आपला माणूस लगेच कळतो!" ते गहिवरून म्हणाले. "हेच अस्सल."

मग जॅक आला, हातोडा आला. चुंबकरावांची मिठी मिळाली आणि सगळेच अस्सल कार्बन ठरले. "मला तर आज अगदी हलकं वाटतंय," जॅक म्हणाला. पहिल्या बॉनेटशी मात्र सगळ्यांनी बोलणं टाकलं.

पुढे गॅरेज बंद पडलं. भंगारवाल्याची क्रेन आली. तिच्या टोकाला जात्याएवढा लोहचुंबक होता. त्याने सगळ्यांना कडकडून मिठी मारली आणि उचललं. चुंबकराव तर आधीच धावत जाऊन चिकटले होते.

"थोरल्या साहेबांनीही ओळखलं मला!" पत्र्याचं बॉनेट वरून ओरडलं. "तुला कुणी विचारलं का?"

पहिल्याला खरंच कुणी विचारलं नव्हतं. ते तिथेच राहिलं, आणि ट्रक लोखंड वितळवायच्या भट्टीकडे निघाला.