मावशीच्या खानावळीतली पहिली पंगत

साग-जांभळांच्या दाट रानात, ओढ्याकाठी, एक अस्वलीण खानावळ चालवीत असे. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या कंदांच्या रश्शाचा वास टेकडीपलीकडे जाई, आणि तिचा आवाज त्याच्याही पुढे. मुलांनो, जेवायला सारे रान येई. पण कामाला आलेला कुणी महिनाभर टिकत नसे. सशाने पोळलेला पंजा दाखवला, तर ती म्हणाली, "बघून शीक. मला कोण आलं होतं शिकवायला?" ससा गेला. माकड तर भर पंगतीत हातातला डाव खाली ठेवून जे गेले, ते गेलेच. "हल्ली कष्ट नकोत कुणाला," असे ती गिऱ्हाइकांना सांगे, आणि तोंडात घास असल्यामुळे गिऱ्हाइके नुसती मान डोलवीत.

एके दिवशी गव्यांचा पाटील जेवायला आला. "आज काय चांगलं झालंय रे?" त्याने वाढणाऱ्या मुंगसाला विचारले.

"काय माहीत, पाटील," मुंगूस सरळपणे म्हणाले. "आम्हाला शेवटी करपलेल्या भाकरीचे तुकडे मिळतात. रस्सा आमच्यापर्यंत कधी पोचलाच नाही."

सगळी पंगत खो खो हसली. पाटील मात्र हसला नाही. "मावशी, पौर्णिमेला दुपारी आमचा चाळीस जणांचा कळप जेवेल. जमलं तर दर पौर्णिमेला तुमच्याकडे. नाही जमलं, तर पलीकडे कोल्ह्यानं नवी खानावळ काढलीच आहे." कळप गेला की मागोमाग सारे रान जाणार आणि आपली चूल विझणार, हे अस्वलीण ओळखून होती. हाताशी होते कोण? हे मुंगूस, आणि कालच आलेली एक खार. सगळे निघून गेल्यावर तिने एकटीने चाळीस पाने वाढून पाहिली. दहाव्या पानाशी पोचेपर्यंत पहिल्या पानावरचा रस्सा गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी भांडे चुलीवरून उतरताच तिने दोन पाने मांडली. "बसा."

"गिऱ्हाईक यायचंय अजून, मावशी," खार बावरून म्हणाली.

"म्हणूनच बसा. आजपासून पहिली पंगत वाढणाऱ्यांची."

तिने स्वतः वाढले. खारीने घास घेतला, इकडेतिकडे पाहिले. "रागावणार नाही ना, मावशी? मीठ जरा पुढे गेलंय." मुंगसाने डोळेच मिटून घेतले. अस्वलिणीने मोठा फुत्कार टाकला, मग रस्सा चाखला. मीठ खरेच पुढे गेले होते! "चल, कंद कुस्करून घाल त्यात," ती म्हणाली आणि तिने खारीला चुलीजवळ घेतले. मग रोज तेच सुरू झाले. भाकरीच्या कडा सुटल्या की उलटायची. चुकली की पुन्हा दाखवायचे. अगदीच राहवले नाही, तर ती ओढ्यावर जाऊन मनसोक्त ओरडून येई. ही बातमी ऐकून ससा परतला, चार दिवसांनी माकडही. कोल्ह्याने निरोप धाडला, "दुप्पट दाणे देतो, माझ्याकडे या." मुंगसाने निरोप्याला सांगितले, "आत्ता आमची पंगत बसलीय. जेवून विचार करतो." आणि जेवल्यावर ते विचार करायचा साफ विसरले.

पौर्णिमेला ऐन दुपारी पाणी आणताना शेवाळावरून अस्वलिणीचा पाय घसरला, घोटा टम्म सुजला. तोवर कळप दारात! "मला चुलीशी न्या आधी!" ती कळवळून म्हणाली.

"तुम्ही झाडाखाली बसा, मावशी," खार इतक्या ठामपणे म्हणाली की अस्वलीण खरेच बसली. खारीने रस्सा सांभाळला, सशाने भाकऱ्या, माकड आणि मुंगूस वाढायला धावले. चाळिसाव्या पानावरही रस्सा वाफाळत होता. पाटलाने तो तीनदा मागून घेतला आणि ओढ्यापलीकडे ऐकू जाईल असा तो हंबरला, "दर पौर्णिमा तुमची, मावशी!" कोल्ह्याकडचे दोघे वाढपी तर तोवर मागच्या दाराशी काम मागायला उभेही होते. झाडाखाली अस्वलीण कान टवकारून बसली होती. भर पंगतीत तिला एकदाही कुणी हाक मारली नाही. एवढा अभिमान तिला आजवर कशाचाच वाटला नव्हता.

तात्पर्य : ज्यांच्या हातून काम करून घ्यायचे, त्यांना आधी मानाने वाढावे आणि आपले कसब त्यांच्या हाती द्यावे, मग ते सोडून जात नाहीत, आणि आपण जागेवर नसलो तरी काम अडत नाही.